उग्लिचच्या कुंपणामागची वऱ्हाडी

मी या सदरातले अनुभव वाचते ते जेवताना, तोंडी लावायला. विश्वास ठेवून नाही. माझे बाबा पिंपरीच्या शाळेत सायन्स शिकवायचे. कुणी म्हटलं चिंचेवर हडळ आहे, की ते मला म्हणायचे, "जा, तिचं नाव विचारून ये." सासर तर त्याहून कडक. आंबेडकरी घर, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, अंगारा-धुपारा, दृष्ट, नवस — काही म्हणजे काही नाही. त्यामुळे मी हे लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण माझ्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे... आणि तो मला अजूनही समजलेला नाही.

आम्ही ओंटारियोत, एटोबिको नावाच्या उपनगरात राहतो, किपलिंग स्टेशनपासून दहा मिनिटांवर, बाराव्या मजल्यावरच्या कॉन्डोत. मी, माझा नवरा सुगत आणि मुलगी तन्वी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे "असं कसं झालं?" हा प्रश्न विचारायचाच मला पगार मिळतो. हा अनुभव कोविडच्या आदल्या उन्हाळ्यातला.

त्याच्या दीड वर्ष आधी माझे सासरे गेले, अमरावतीजवळच्या आमच्या गावी. जानेवारीचे दिवस होते. सुगत निघाला, पण इथे फ्रीझिंग रेन, पडता पडता गोठणारा पाऊस; पिअरसन एअरपोर्टवरच्या फ्लाइट्स कॅन्सल. तो पोचला तेव्हा सगळं होऊन दोन दिवस झाले होते. सासूबाई — मी त्यांना आईच म्हणते — त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आणि तेच तर वाईट होतं. सुगतनं त्यांना इकडे आणलं, आणि त्या बोलायच्याच बंद झाल्या. म्हणजे "हाव", "नाई", "जेवली मी" — एवढंच.

आईंना ओळखणाऱ्याला हे खरं वाटणार नाही. पस्तीस वर्षं त्या सरकारी नर्स होत्या. बारा गावांतल्या बाळंतपणांना सायकलवरून जायच्या. कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्यांना त्या घरच्या पुरुषांच्या आधी कळायचं. बोलणं हाच त्यांचा अर्धा दवाखाना होता. आणि आता ती बाई तासन् तास बाल्कनीतून गार्डिनर एक्सप्रेसवेवरच्या गाड्या बघत बसायची. तन्वी शाळेतून येऊन "हाय आजी, हाऊ वॉज युअर डे?" म्हणायची, आणि आई नुसती मान हलवायच्या. एके दिवशी त्यांनी सुगतला सांगितलं, "माहं तिकीट काढून दे. परत नाई येत मी." त्या रिकाम्या घरात एकटं राहायचं ठरवून बसल्या होत्या.

सुगत रडला त्या दिवशी. आणि मग त्याला त्याच्या बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची आठवण आली. बाबा प्राथमिक शिक्षक. तरुणपणी प्रदर्शनात मराठीतली रशियन पुस्तकं मिळायची — गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं. त्यावर ते वेडे होते. "एक डाव व्होल्गा पाह्यची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुगतनं मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग अशी बारा दिवसांची रिव्हर क्रूझ बुक केली, आई आणि तो. म्हणाला, "बाबांचं राहिलं ते आपण बघून येऊ, मग आईला जायचं तर जाऊ दे." आणि नेमकी त्याच महिन्यात त्याच्या प्रोजेक्टची तारीख येऊन पडली. रजा रद्द. मग काय, सुगतच्या जागी मी!

खरं सांगते, मला घाम फुटला होता. सासू-सुनेचं आमचं वाकडं नव्हतं, पण बारा दिवस, एक केबिन, दोन पलंगांमध्ये हातभर जागा, आणि समोरचा माणूस बोलत नाही...

बोट मॉस्कोहून निघाली. आमच्या ग्रुपमध्ये सगळे ओंटारियोतले रिटायर्ड लोक. आमची गाईड ओल्गा, तिशीची, हसरी, इंग्लिश फर्स्टक्लास. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बोट उग्लिचला लागली. छोटंसं जुनं गाव, व्होल्गेच्या अगदी काठावर. बोटीतूनच ते लाल भिंतींचं चर्च दिसतं — निळे घुमट, त्यांवर सोनेरी चांदण्या. आई डेकवर उभ्या होत्या. पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "पुस्तकात अस्संच होतं."

चर्चमध्ये एक घंटा आहे. ओल्गानं गोष्ट सांगितली, की शेकडो वर्षांपूर्वी इथे एक लहान राजपुत्र मेला तेव्हा ती घंटा वाजवून लोकांना गोळा केलं. लोक पेटले, दंगल झाली. म्हणून राज्यकर्त्यांनी त्या घंटेलाच शिक्षा दिली. तिची जीभ काढली आणि तिला सैबेरियात हद्दपार केलं! तीनेकशे वर्षांनी ती परत आली. मी आईंना मराठीत हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त "बाप्पा!" म्हणाल्या.

मग चाळीस मिनिटं मोकळी होती. आईंना बाहेरच्या बाकावर बसवून मी वॉशरूमला गेले. तिथे लाइन. परत आले तर बाक रिकामा.

आधी वाटलं, इथेच असतील. स्टॉल्स बघितले. चर्चच्या मागे बघितलं. धक्क्यावर धावत गेले, परत आले. आईंकडे फोन नाही. रशियन शून्य. इंग्लिश म्हणजे "येस, नो, थँक्यू". ओल्गानं बोटीवर कळवलं आणि मला म्हणाली, "साडेपाचला बोट निघते. तुम्ही डावीकडची गल्ली बघा, मी उजवीकडची बघते." पाऊण तास झाला होता. माझ्या डोक्यात एकच — सुगतला काय सांगू?

ती गल्ली म्हणजे लाकडी घरं. खिडक्यांना कोरीव नक्षीच्या चौकटी, प्रत्येक घरापुढे बाग, उंच फळ्यांची कुंपणं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऑगस्टचं छान ऊन. मी "आई! आई!" करत पळतेय. चौथ्या-पाचव्या घरापाशी दम लागून थांबले, आणि मला मराठी ऐकू आलं.

दोन बायका बोलत होत्या.

एक आवाज आईंचा. दीड वर्षात ऐकला नव्हता असा — खणखणीत, जुना, नर्सबाईंचा. "मंग तू फोन काऊन नाई करत पोरीले?"

दुसरा आवाज म्हातारा, थोडा घोगरा. "कोन्या तोंडानं करू वं माय? पाच वर्षं झाले."

अगदी वऱ्हाडी! पुण्याकडची मराठी नाही, माझ्यासारखी नाही. आईंची. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मनात म्हटलं, वा! रशियात अमरावतीची बाई भेटली! लग्न करून इकडे आली असेल, नाहीतर दुसऱ्या बोटीवरची टूरिस्ट असेल. आपले लोक कुठे नसतात! कुंपणाच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. मी तिथे डोळा लावला.

बागेत काकड्यांच्या वाफ्याशेजारी एका लाकडी बाकावर आई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एका बाईचा पाय, घोट्याला आईंचाच सुती स्कार्फ घट्ट बांधलेला. आणि ती बाई... गोरीपान. निळे डोळे. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पंचाहत्तरीची रशियन आजी.

मला त्या क्षणी काही विचित्र वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. कान मराठी ऐकत होते, डोळे रशियन आजी बघत होते, आणि डोक्यानं म्हटलं, असेल बाबा. मी फोन काढला. सुगतला दाखवायचं होतं, बघ तुझी आई बोलतेय! फटीतून चाळीस सेकंद शूट केलं. त्या दोघी बोलत होत्या, मधेच एकमेकींना टाळी देऊन हसत होत्या. मग मी फाटक ढकललं आणि ओरडले, "आई!"

बोलणं थांबलं. म्हणजे दोघींनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे. ती आजी काहीतरी बोलली. ते रशियन होतं, शुद्ध रशियन. आईंच्या कपाळावर आठी आली. "काय म्हणते वं?" त्यांनी मलाच विचारलं. मग त्यांनी तिला मराठीत काहीतरी म्हटलं, आणि ती बावचळून बघत राहिली. रेडिओची सुई स्टेशनवरून हलावी ना, तसं. आजही वाटतं, मी अजून पाच मिनिटं कुंपणाबाहेर थांबायला हवं होतं.

पण वेळ नव्हता. मी आईंना घेऊन जवळजवळ पळत सुटले. वाटेत त्या सांगत होत्या, "फाटकातून दिसली मले, वाफ्यात पडेल होती. पाय मुरगळला तिचा. तशीच टाकून येऊ काय?"

"आई, ती कोण होती? तुमच्याशी मराठीत..."

"झोया तिचं नाव. घड्याळाच्या कारखान्यात होती. नवरा गेला तिचा, पोरगी दूर रायते, उत्तरेकडे. नवऱ्याच्या मातीले पोरगी पोचली नाई. बर्फामुळे गाड्या बंद होत्या. ही तिले फोनवर म्हणाली, तुले बाप नव्हताच असं समज. तवापासून बोलत नाई दोघी." आणि मग रस्त्याच्या मधोमध थांबल्या. "मी तिले म्हटलं, बाई, बर्फ काय पोरीनं पाडला?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. आईंनाही स्वतःचंच वाक्य तेव्हा ऐकू आलं असावं. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि उरलेला रस्ता माझा हात धरून चालल्या.

बोटीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिडी काढायला दहा मिनिटं होती, आणि धक्क्यावर गडबड झाली. झोयाबाई! काठी टेकत, लंगडत, शेजाऱ्याच्या गाडीतून उतरल्या. एका हातात काकड्यांच्या लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात फोन कानाला, डोळ्यांतून धारा आणि तोंडभर हसू. ओल्गा पुढे झाली. मी आणि आई खाली उतरलो. झोयाबाई घाईघाईनं ओल्गाला काय काय सांगत होत्या.

ओल्गा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मजेदार झाला होता. "ही म्हणतेय, नर्सबाईंना सांगा, पाय आता बरा आहे. आणि त्यांनी सांगितलं म्हणून मी मुलीला, लेनाला, फोन लावला. लेना लाइनवर आहे." मग जरा थांबून, "प्रज्ञा, तुझ्या सासूबाईंना रशियन येतं हे तू मला सांगितलं नाहीस."

"येत नाही," मी म्हटलं.

"ही म्हणते, येतं. म्हणते, माझी आजी खेड्यातली होती, या अगदी तिच्यासारखंच बोलतात. मी लहान झाल्यासारखं वाटलं."

मी आईंना सांगितलं. आई दिलखुलास हसल्या. "म्हणाव, तुही मराठी ऐकून बी मले माहेर आठवलं."

ओल्गानं ते सांगितलं. झोयाबाईंनी गंमत समजून आईंच्या खांद्यावर एक चापट मारली, आणि फोन सरळ आईंच्या कानाला लावला. आई एक सेकंद गोंधळल्या. मग मोठ्यांदा, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हॅलो! पोरी, तुही माय वाट पाहून राह्यली. ये लवकर!" आणि बोटीचा भोंगा वाजला.

केबिनमध्ये आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "सुगतले फोन लाव."

तिकडे सकाळचे साडेदहा. तो मीटिंगमध्ये होता, तरी घेतला. आईंनी काय सांगितलं ते मी पूर्ण लिहिणार नाही, ते त्या दोघांचं आहे. पण पहिलं वाक्य हे होतं — "बाळा, ते तुह्या हातात नव्हतं." पलीकडून सुगतचं नाक ओढणं. मी डेकवर निघून गेले. नदी इतकी रुंद झाली होती की पलीकडचा काठ नुसती हिरवी रेघ. मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

पुढचे दहा दिवस... काय सांगू! आई सुटल्याच. यारोस्लावलला बाजारात मधवाल्याकडचे अकरा प्रकारचे मध चाखले. किझी बेटावरच्या लाकडी चर्चपुढे उभ्या राहून बाबांशी बोलल्या — "पाह्यलं न, तुमच्यासाठी आली मी." आमच्या ग्रुपमधल्या एका सडबरीच्या आजोबांना मराठीत दम देऊन त्यांचं मीठ कमी करायला लावलं. आणि रात्री दिवा मालवला की मला बाराही गावांच्या गोष्टी. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि माझी सासू मला त्या केबिनमध्ये भेटली.

व्हिडिओ मी बोटीवर बघितलाच नाही. वायफाय चालत नव्हतं, सुगतला पाठवता येईना, म्हणून राहिलं. एटोबिकोला परत आल्यावर रविवारी नाश्त्याला सगळे बसलो, तेव्हा टीव्हीवर लावला.

आई मराठीत बोलतायत. झोयाबाई रशियनमध्ये बोलतायत.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एक मराठी शब्द नाही त्यांच्या तोंडी. मी चारदा रिवाइंड केलं. तन्वी म्हणाली, "मम्मा, शी इज ऑब्व्हियसली स्पीकिंग रशियन." सुगत म्हणाला, तू घाबरलेली होतीस, मनानंच ऐकलंस. मलाही तेच पटलं असतं. स्ट्रेस, ऊन, धावपळ — टेस्टरच्या भाषेत, यूजर एरर.

पण आमच्या ऑफिसमध्ये इरिना आहे. कीव्हची, रशियन उत्तम येतं. मी तिला काही न सांगता व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, ही आजी काय म्हणते ते शब्दाला शब्द सांग. इरिनानं हेडफोन लावले. "ही म्हणते, कुठल्या डोळ्यांनी फोन करू... म्हणजे आमच्यात असं म्हणतात, कसं सामोरं जाऊ. पाच वर्षं झाली." मग हेडफोन काढून म्हणाली, "ही साडीवाली बाई कोण? तिला रशियन समजतंय. बघ ना, आजी गमतीचं बोलली की ही बरोबर तिथेच हसते."

कुठल्या डोळ्यांनी. मी ऐकलं होतं, कोन्या तोंडानं. अर्थ तोच, शब्द आपला.

मनानं ऐकलं म्हणावं, तर मला रशियनचं एक अक्षर येत नाही. मनानं रचलं तर तेच कसं रचलं? आणि पाच वर्षं कुठून आली? फटीला डोळा लावायच्या आधी ऐकलं होतं मी ते वाक्य. रेकॉर्डिंगमध्ये ते त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलंय, एवढाच फरक. घड्याळाचा कारखाना, पोरगी, बर्फ — हे तर ओल्गानं झोयाबाईंकडून धक्क्यावरच ऐकलं होतं. तिनं नंतर मला ईमेलमध्ये सगळं लिहिलं, आणि आईंनी वाटेत सांगितलेल्या एकूण एक गोष्टीशी ते जुळतं.

लेनाशी आमचं बोलणं त्या हिवाळ्यात झालं. ती उग्लिचला झोयाबाईंकडे आली होती, तिथून दोघींनी व्हिडिओ कॉल केला. लेनाला थोडं इंग्लिश येतं. मी अगदी जपून विचारलं, "धक्क्यावरून फोनवर माझ्या सासूबाई बोलल्या, ते तुला समजलं का?" मला वाटलं, तिथेही काहीतरी निघणार.

"नाही," लेना म्हणाली. "एक शब्द नाही. पण मागे माझी आई हसत होती. पाच वर्षांनी ऐकलं मी ते हसणं. मी तिकीट काढलं."

त्यानंतर जग बदललं. कोविड आला, मग लढाई आली. पुन्हा जाणं काही जमलेलं नाही. आई आता हिवाळ्यात अमरावतीला असतात आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे. पार्कातल्या पंजाबी बायकांचं बीपी तपासतात, मोडक्या हिंदीत. त्यांना मी कितीदा तरी विचारलं, "आई, खरंच काय झालं होतं तिथे?" त्यांना "चमत्कार" हा शब्द ऐकलेलाही चालत नाही.

"चमत्कार-बिमत्कार काही नसते, प्रज्ञा. ती बोलली, मले समजलं."

"पण कसं समजलं?"

"आता ते तू सांग. तू कंप्युटरवाली."

दर रविवारी सकाळी त्यांचा आणि झोयाबाईंचा कॉल असतो. मी काही वेळा शेजारी बसते, कान देऊन. आई वऱ्हाडीत, झोयाबाई रशियनमध्ये, तासभर. कुणाला कुणाचं काही कळत नाही. मधेच दोघी एकदम हसायला लागतात. परवा मी अगदी श्वास रोखून ऐकत होते, एखादा तरी शब्द पुन्हा तसा ऐकू येईल म्हणून. नाही आला. आईंनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू काऊन मधात बसली वं? जा न, आमाले बोलू दे."

मी उठले. दार ओढून घेतलं. आतून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि खरं सांगते, हसण्यावरून मला ओळखता येईना, कोण कुठली.